‘आफ्टर स्कूल सेशन’ कसा ऐकावा : पेटी-तबल्याच्या कानासाठी एक वाटाड्या

शिकागोच्या चेस कंपनीने मे १९५७ मध्ये ‘आफ्टर स्कूल सेशन’ या नावाने चक बेरी या अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवादकाची पहिली लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. दोन बाजूंना सहा-सहा अशी बारा गाणी तिच्यात आहेत आणि ती सगळी ऐकायला साधारण अर्धा तास पुरतो. ज्यांनी ही तबकडी कधी ऐकलेली नाही, पण ज्यांच्या घरात पेटी आहे आणि भजनाचा ठेका सुरू झाला की ज्यांचा हात आपोआप मांडीवर पडतो, अशा नागपूरकरांसाठी हे टिपण लिहिले आहे. माझा अनुभव असा आहे की, ही गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग लावली तर एकच गाणे बारा वेळा ऐकल्यासारखे वाटते आणि इंग्रजी शब्द कळले नाहीत म्हणून माणूस उठून जातो. तीच गाणी संथ गाण्यापासून सुरुवात करून, मात्रा मोजत आणि एका वेळी एकच वाद्य धरून ऐकली, तर प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसू लागतो.

सर्वांत आधी खोलीचा बंदोबस्त करावा. हे ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे सगळी वाद्ये आणि गळा एकाच वाटेने येतात, त्यामुळे एक बरा स्पीकर असला तरी काही बिघडत नाही. आपल्याकडे खरा शत्रू कुलर आहे. एप्रिलपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत नागपूरच्या घरात कुलरची घरघर चालू असते आणि ती नेमकी खर्जातली असल्यामुळे साथीला असलेल्या विली डिक्सनच्या डबल बासचा, म्हणजे उभ्या धरून वाजवायच्या मोठ्या खर्जातल्या तंतुवाद्याचा, आवाज ती पार गिळून टाकते. गिटार ऐकू येते, पियानोही ऐकू येतो, पण गाण्याखालची जमीनच नाहीशी होते. कुलर बंद करून दुपारी बसणे कोणाच्याच प्रकृतीला मानवणारे नाही, म्हणून उन्हाळ्यात पहाटे पाच ते साडेसहाची वेळ निवडावी. तेव्हा रस्ताही शांत असतो आणि अर्धा तास कुलरवाचून निभतो. हिवाळ्यात ही अडचण नाही.

ज्यांच्याकडे खरोखरीची तबकडी असेल त्यांनी तिला उन्हापासून जपावे, हे मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो आहे. एका मे महिन्यात एक जुनी तबकडी स्कूटरच्या डिकीत ठेवून मी बर्डीवर दहा मिनिटांचे काम उरकायला गेलो. दहा मिनिटांचा तास झाला. घरी येऊन तबकडी बाहेर काढली तेव्हा तिची एक कड वाळत घातलेल्या पापडासारखी वर उचललेली होती. तबकडी वाजत होती, परंतु प्रत्येक फेऱ्याला सुई चढत-उतरत होती आणि गाणाऱ्याचा सूर त्याबरोबर डोलत होता. तबकडीचे प्लॅस्टिक पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बंद डिकीत टिकत नाही. ती घरातही नेहमी उभी ठेवावी, एकीवर एक रचू नये, आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला तर मुळीच लावू नये. कुलरच्या झोतासमोरही ठेवू नये, कारण त्या दमट हवेने पुठ्ठ्याच्या वेष्टनाला बुरशी येते. पुसण्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर चालते, मात्र बाटली नवी, सील न तुटलेली असावी. मऊ कापड त्यात किंचित ओले करून खाचांच्या दिशेने गोल फिरवावे. आडवे पुसले की धूळ खाचांत आणखी घट्ट बसते.

एक सूचना अमेरिकेतून कोणी जुना रेकॉर्ड प्लेअर आणून दिला असेल त्यांच्यासाठी आहे. तिथली वीज ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टचा प्रश्न सुटतो, हर्ट्झचा मात्र सुटत नाही, आणि ज्या जुन्या यंत्रांची मोटर विजेच्या हर्ट्झवरच फिरते ती यंत्रे आपल्याकडे सहापैकी पाच भाग एवढ्याच वेगाने चालतात. मिनिटाला ३३ १/३ फेरे व्हायला हवेत तिथे २८ पण होत नाहीत. त्यामुळे लय मंदावते आणि सूर पेटीच्या तीन पट्ट्यांनी खाली येतो. बेरीचा तरतरीत आवाज झोपेतून उठल्यासारखा वाटू लागला, तर दोष गायकाचा नाही असे समजावे.

मोबाइलवर ऐकणाऱ्यांना या कटकटी नाहीत, पण त्यांच्यासाठी एक वेगळा खड्डा आहे. बेरीने पुढे मर्क्युरी या कंपनीसाठी आपली काही गाजलेली गाणी पुन्हा गाऊन दिली आणि १९६७ मध्ये त्यांचा संग्रह निघाला. गाणे तेच, नाव तेच, गळाही तोच, पण मूळ मुद्रणातली ठिणगी त्यात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून कंपनीचे नाव चेस आहे आणि साल १९५७ किंवा त्याआधीचे आहे, एवढे पाहूनच गाणे लावावे. अल्बमच्या पुढच्या काही आवृत्त्यांत जादा गाणी जोडलेली आहेत. मूळ तबकडी बाराव्या गाण्याला, म्हणजे ‘ड्रिफ्टिंग हार्ट’ला संपते.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळू. पहिल्या दिवशी पहिल्या बाजूचे चौथे गाणे, ‘वी वी अवर्स’, तेवढेच लावावे. ते संथ आहे हे एक कारण झाले, आणि बेरीचा स्वतःचा डाव याच गाण्यावर होता हे दुसरे. ३१ डिसेंबर १९५२ रोजी सेंट लुईसच्या परिसरात जॉनी जॉन्सन या पियानोवादकाच्या तीन जणांच्या संचातला सॅक्सोफोनवाला आजारी पडला आणि जॉन्सनने बदली म्हणून बेरीला बोलावले. बदलीवर आलेला हा माणूस हळूहळू त्या संचाचा मालकच झाला. १९५५ मध्ये तो शिकागोला गेला, तेव्हा मडी वॉटर्स या गायकाने त्याला चेस कंपनीचा रस्ता दाखवला. बेरीला वाटत होते की ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांची दुःखाची गाणी, काढणाऱ्या या कंपनीला आपले हे संथ गाणे आवडेल. कंपनीचा मालक लिओनार्ड चेस याला मात्र त्याच्याजवळचे दुसरे, एका जुन्या खेडवळ चालीवर बेतलेले वेगवान गाणे हवेहवेसे वाटले. २१ मे १९५५ च्या एकाच बैठकीत दोन्ही मुद्रित झाली. वेगवान गाणे ‘मेबलीन’ या नावाने देशभर गाजले आणि ‘वी वी अवर्स’ त्याच छोट्या तबकडीच्या पाठीमागच्या बाजूला गेले. ‘मेबलीन’ मूळ ‘आफ्टर स्कूल सेशन’मध्ये नाही, पाठीमागचे गाणे आहे, आणि माझ्या मते यात श्रोत्याचा फायदाच झाला आहे.

हे गाणे ऐकताना पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष देऊ नये, बोटांवर मोजावे. चार ठोक्यांचे एक आवर्तन धरावे आणि अशी बारा आवर्तने झाली की एक कडवे पूर्ण होते, म्हणजे एका कडव्याच्या अठ्ठेचाळीस मात्रा भरतात. संथ ब्लूजमध्ये प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन बारीक मात्रा असतात. तबला शिकलेल्यांनी याला तिस्र जाती म्हटले तरी चालेल. या बारा आवर्तनांत आधारस्वर एका ठरलेल्या क्रमाने बदलतो. पहिली चार आवर्तने तो षड्जावर असतो, पुढची दोन मध्यमावर जातो, मग दोन पुन्हा षड्जावर येतो, नवव्या आवर्तनात पंचमावर चढतो, तिथून मध्यमामार्गे उतरतो आणि शेवटची दोन आवर्तने घरी, षड्जावर, काढतो. यात थोडी सूट आहे. कधी दुसऱ्याच आवर्तनात मध्यमाला हात लावून परत येतात, तर कधी दहावे आवर्तनही पंचमावरच काढतात. पण नवव्या आवर्तनातला पंचम सहसा चुकत नाही. तो आला की आता कडवे आवरते घेणार हे ओळखावे. हा पंचम तुम्हाला मोजल्याशिवाय आधीच जाणवू लागला, की पहिल्या दिवसाचे काम झाले.

याच गाण्यावर दुसऱ्यांदा फक्त जॉन्सनचा पियानो ऐकावा. आपल्याकडे गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत पेटीवाला दोन स्वर पेरतो, तसेच हे आहे, फरक एवढाच की जॉन्सन फटीची वाट पाहत नाही. तो गाण्याच्या अंगावर अंग टाकून वाजवतो आणि तरीही गायकाच्या पायात येत नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी काढावी. गिटार येत असेल तर उत्तम, पण या अल्बमची मुख्य कारागिरी समजायला पेटी पुरेशी आहे, कारण बेरीच्या गिटारीचा ठेका मुळात पियानोच्या डाव्या हातातून आलेला आहे. सा आणि प या पट्ट्या एकदम दाबून दोन तुटक ठोके द्यावेत, मग सा आणि ध दाबून दोन ठोके द्यावेत, आणि हेच आलटून पालटून करीत राहावे. सा-प, सा-प, सा-ध, सा-ध. भाता सलग चालू ठेवून बोटे मात्र पट्टीवरून झटकन उचलावीत, म्हणजे आवाज लांबट राहणार नाही. मध्यमावर जाताना म आणि वरचा सा, मग म आणि वरचा रे अशी जोडी घ्यावी. पंचमावर प आणि वरचा रे, मग प आणि वरचा ग. वर सांगितलेला बारा आवर्तनांचा क्रम या जोड्यांवर चालवला की घरातली लहान मुले नाचू लागतील आणि शेजारचे चौकशीला येतील. त्यावर उजव्या हाताच्या मोकळ्या बोटाने कोमल गांधार दाबून लगेच शुद्ध गांधारावर सरकून पाहावे. आपल्याकडे बहुतेक रागांत हे दोन गांधार एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. इथे त्यांना एकमेकांवर घसरू देणे हाच सगळा खमंगपणा आहे. बेरी गिटारीवर याच्याही पुढे जातो. तो एका बोटाने शेजारच्या दोन तारा दाबून दोन्ही एकदम छेडतो, त्यामुळे एकटी गिटारसुद्धा दोघे जण एका सुरात हाक मारीत असल्यासारखी वाजते.

एवढी तयारी झाल्यावर तिसऱ्या दिवशी तबकडी पहिल्यापासून लावावी. पहिले गाणे ‘स्कूल डेज’. विषय शाळेचा आहे. इतिहास आणि गणिताचे तास, मागे बसून छळणारा मुलगा, जेवणाच्या सुटीतली धावपळ, तीन वाजता घंटा झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानाकडे पळणे, आणि तिथे यंत्राच्या फटीत नाणे टाकून गाणे लावणे. वेळेचा आकडा बदलला तर महालातल्या किंवा धरमपेठेतल्या कोणत्याही शाळेचे हे वर्णन आहे. परंतु गंमत विषयात कमी आणि मांडणीत अधिक आहे. बेरी अर्धी ओळ गातो आणि थांबतो. उरलेली जागा गिटार त्याच चालीने, जवळजवळ त्याच उच्चाराने भरून काढते. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की झीलकरी ‘जी जी’ करीत तिला उचलून धरतात, इथे शाहीर आणि झीलकरी एकच माणूस आहे. माझे मामा महालातल्या एका भजनी मंडळात चाळीस वर्षे पेटी वाजवीत आले आहेत. त्यांना मी हे गाणे काहीही न सांगता ऐकवले. डोळे मिटून त्यांनी दोन कडवी ऐकली आणि म्हणाले, “हा तं ओळ अर्धीच म्हणते अन् बाकीची त्या वाद्याकडून वदवून घेते न बाप्पा!” मी म्हटले, “मामा, गाणारा आणि वाजवणारा एकच आहे.” त्यावर त्यांनी डोळे उघडले आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले.

या गाण्यावर टाळी कुठे द्यायची हे मुद्दाम शिकावे लागते. आपला हात सवयीने समेवर, म्हणजे पहिल्या ठोक्यावर पडतो. या संगीतात ड्रमचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. पहिल्या व तिसऱ्या ठोक्यावर पाय आपटावा आणि दुसऱ्या व चौथ्यावर टाळी द्यावी. पाच मिनिटे गोंधळ उडेल, हात पुन्हा पुन्हा समेकडे ओढला जाईल, पण एकदा जमले की गाणे पुढे ढकलल्यासारखे पळू लागते.

शब्दांसाठी तीन गाणी राखून ठेवावीत. ‘टू मच मंकी बिझनेस’ ही नुसती तक्रारींची यादी आहे. गिरणीतली मजुरी आणि डोक्यावरची बिले, गळ्यात माल मारू पाहणारा विक्रेता, नाणे खाऊन गप्प बसणारा सार्वजनिक फोन, योकोहामापर्यंत नेणारी लष्करी नोकरी, पेट्रोल पंपावरची हमाली. प्रत्येक कडव्यात एक नवा ताप येतो, आणि तो एवढ्या भराभर सांगितला जातो की वैताग अर्थाआधी वेगातूनच कळतो. बॉब डिलन या अमेरिकन गायक-गीतकाराने १९६५ मधल्या आपल्या एका गाण्यासाठी हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. गाण्याचे शब्द आधी वाचून काढावेत, मग न वाचता ऐकावे; वाचत ऐकू नये, कारण डोळे ओळीवर अडकले की जिभेची करामत कानातून निसटते.

‘नो मनी डाउन’मध्ये खटारा झालेली फोर्ड देऊन नवी कॅडिलॅक घ्यायला गेलेला गिऱ्हाईक आपल्या मागण्या सांगत सुटतो, आणि मागच्या सीटवर पलंग, शॉर्टवेव्ह रेडिओ, टीव्ही आणि फोन इथपर्यंत जातो. बेरीने ऐन तारुण्यात मोटारींच्या कारखान्यात काम केले होते, त्यामुळे हा नुसता कवीचा कल्पनाविलास नव्हे. ऐकण्याची जागा अशी की, मागण्या सांगत असताना सगळी वाद्ये मिळून एक थाप देतात आणि एकदम गप्प होतात. कीर्तनात बुवा आख्यान रंगवीत असताना तबलजी नुसती थाप मारून थांबतो आणि बुवांना मोकळे रान देतो, तशीच ही रीत आहे. त्या शांततेतही मोजणे चालू ठेवावे. वाद्ये परत येतील तेव्हा तुमचे बोट त्यांच्याबरोबर पडले पाहिजे.

तिसरे, दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे ‘ब्राउन आइड हँडसम मॅन’, मला बाराही गाण्यांत सर्वांत धारदार वाटते. बेकार असल्याच्या आरोपावरून एका माणसाला पकडून न्यायालयात उभे करतात आणि न्यायाधीशाची बायकोच त्याला सोडण्यासाठी फोन करते. व्हीनसच्या प्रसिद्ध पुतळ्याचे हातसुद्धा याच्यासारख्याच एका देखण्या पुरुषापायी झालेल्या कुस्तीत गेले असे पुढे येते. गाण्यात डोळे तपकिरी म्हटले आहेत, पण रोख कातडीच्या रंगावर आहे, हे १९५६ च्या अमेरिकेत ऐकणाऱ्याला सांगावे लागत नव्हते. त्या काळी तिथल्या अनेक राज्यांत काळ्यांसाठी शाळा आणि बसमधली जागा कायद्याने वेगळी होती. एवढी गोष्ट बेरी कपाळाला आठी न घालता, हसत हसत सांगतो. मिश्किलपणाच्या आडून टोचणारे आपल्याकडचे भारूड ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत लगेच ओळखू येईल.

उरलेल्या गाण्यांवर एवढे थांबण्याची गरज नाही. ‘रोली पोली’ आणि ‘बेरी पिकिन’ ही विनाशब्द गाणी पेटीवरच्या सरावासाठी साथीला लावावीत. ‘टुगेदर’ मला भरतीचे वाटते. ‘डीप फीलिंग’मध्ये बेरी स्टील गिटार वाजवतो, म्हणजे तारेवरून धातूची कांडी सरकवतो, ती मींड रात्री, दिवे मालवून ऐकण्याजोगी आहे. ‘हवाना मून’मध्ये जवळजवळ काहीच वाद्ये नाहीत आणि त्या रिकामेपणामुळे समुद्रकाठी वाट पाहणाऱ्या माणसाची रात्र डोळ्यांसमोर उभी राहते. ‘डाउनबाउंड ट्रेन’ ही दारूड्याच्या स्वप्नाची गोष्ट आहे. तो गुत्त्याच्या जमिनीवर झोपतो, सैतान हाकत असलेल्या गाडीतून नरकाकडे निघतो आणि जागा होताच दारू सोडतो. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवर वाढलेल्या वैदर्भीय माणसाला हा उपदेश परका वाटणार नाही, आणि रेल्वेच्या चाकांसारखा ठेका तर मुळीच नाही.

शेवटच्या दिवशी बाराही गाणी सलग लावावीत. या वेळी मोजायचे नाही. तरी ‘स्कूल डेज’च्या पहिल्या कडव्यात नवव्या आवर्तनाला मान आपोआप वर होते का, तेवढे पाहावे; झाली नाही तर पुन्हा ‘वी वी अवर्स’कडे जावे. ‘ड्रिफ्टिंग हार्ट’ संपल्यावर सुई हाताने उचलावी, तबकडी आधी आतल्या पिशवीत आणि मग वेष्टनात सरकवावी, आणि सूर्य वर येण्याआधी ती आतल्या खोलीत उभी करून ठेवून कुलर लावावा.